भरवशाची सुई

“काडी? जॉब, यंत्रात काडी?”

रेल्वेचा इंजिनियर सेप्टिमस आर्कवेल याने तारयंत्राचं काचेचं झाकण उघडलं होतं आणि चिमटीत एक लाकडाची काडी धरली होती. यंत्राची सुई डावीकडे कलती ठेवून त्या काडीने कोणीतरी चक्क घट्ट बसवून टाकली होती.

“पाचर आहे ती,” केबिनवाला जॉब ट्रँटर पाव-चीज चघळत म्हणाला. “ढग आले की मारतो. मग किती का विजा पडेनात, सुई हलत नाही.”

“अरे शहाण्या, मग खरा निरोप आला तर कशी हलेल?”

“नाही हलत. म्हणून तर ईनक पायी येतो.”

आर्कवेलने कपाळाला हात लावला.

इंग्लंडात डर्बिशरच्या डोंगरातल्या त्या बोगद्याच्या दोन तोंडांना सिग्नलच्या दोन केबिनी होत्या. इकडे जॉब, पलीकडे त्याचा मेहुणा ईनक. मध्ये तार. इकडून गाडी आत शिरली की सुई डावीकडे. पलीकडे बाहेर पडली की ईनक कळ दाबणार आणि सुई उजवीकडे. म्हणजे बोगदा मोकळा, पुढची गाडी सोडा. इतकं सोपं. पण डोंगरावर वीज पडली की ती तारेत शिरायची आणि सुई आपली आपणच उजवीकडे झुकायची. गेल्या उन्हाळ्यात असल्याच एका खोट्या ‘मोकळा’वर जॉबने गाडी आत सोडली. आत उभ्या राहिलेल्या मालगाडीच्या शेपटाला ती भिडता भिडता राहिली. तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांनी हा उद्योग आरंभला होता. आभाळ भरलं की सुईला पाचर. मग ईनक नियमाप्रमाणे कळ दाबून, वर कंदील घेऊन अख्खा बोगदा तुडवत यायचा, “गेली बरं का गाडी,” म्हणून सांगायचा आणि थांबलेल्या गाडीच्याच इंजिनावर चढून परत जायचा. तोवर उतारू शिव्या घालत बसलेले!

आणि इकडे आर्कवेलने दोन वर्षं घरदार विसरून वीज अडवायची युक्ती काढली होती. पितळेच्या दोन दातेरी पट्ट्या, दातासमोर दात. तारेतून वीज आली की ती दातांवरून उडी मारून जमिनीत जाणार, सुईकडे फिरकणारसुद्धा नाही. सगळ्या केबिनींत पट्ट्या बसल्या, तरी ढगाळ दिवशी गाड्या उशिराच! का, ते कळेना. कंपनीचे मॅनेजर हॉलिंग्ज शेवटी वैतागले. “आज दुपारच्या गाडीने मी स्वतः येतोय. आजही खोळंबा झाला, तर तुमची ही पितळी दातकवळी उपटून भंगारात घालीन,” असं त्यांनी बजावलं होतं. आणि खोळंब्याचं कारण काय निघालं? काडी!

“मला सांगायचं तरी होतंस!”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

आर्कवेलने काडी खिडकीबाहेर भिरकावली. “आता बघ. डोळे फाडून बघ.”

नुकतीच एक मालगाडी आत गेली होती, म्हणजे सुई डावीकडेच राहायला हवी होती. आभाळ गडगडलं. सुई ढिम्म. पुन्हा कडाडलं, काचा खडखडल्या, जॉबच्या हातातला पाव खाली पडला. सुई तिथल्या तिथे.

“पटलं?”

“पटलं की,” जॉब म्हणाला. पटल्याची एक रेषा चेहऱ्यावर असेल तर शपथ.

“माणूस आहेस की ओंडका? डोळ्यांनी बघूनही विश्वास नाही?”

“विश्वास आहे हो, साहेब. पण आत मी नाही जात. गाडीतली माणसं जातात.”

“भित्रे आहात तुम्ही दोघे, दुसरं काही नाही!”

तेवढ्यात दुपारची गाडी आली आणि धुसफुसत केबिनखाली उभी राहिली. पहिल्या वर्गाच्या खिडकीतून हॉलिंग्जनी डोकं बाहेर काढलं. हातात घड्याळ. “काय आर्कवेल, सोडताय, की उपटू दातकवळी?”

मागच्या डब्यातूनही एक हात हलला. आर्कवेल बघतच राहिला. ऑगस्टा! त्याची बायको रविवारपर्यंत माहेरी राहणार होती. मांडीवर त्यांची तान्ही लेक.

“म्हटलं, आज तुमच्या यंत्राचा मान,” ती हसत ओरडली, “पहिल्या गाडीने आपणच जाऊ या!”

त्याच क्षणी डोंगरमाथ्यावर वीज पडली. केबिन पांढरीफटक झाली आणि सुई खटकन उजवीकडे गेली. बोगदा मोकळा.

जॉबने सिग्नलच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. “ईनकने कळ दाबली, का वीज?”

“ईनकनेच! वीज जमिनीत गेली. किती वेळा सांगू?”

“बरं. तुम्ही म्हणाल तसं. सोडू?”

सुईला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. मालगाडी आत जाऊन बराच वेळ झाला होता, आता ती पलीकडे निघालेली असणार, सगळं जुळत होतं. पट्ट्या चोख होत्या. आर्कवेलला त्यात तिळमात्र शंका नव्हती. खाली हॉलिंग्ज घड्याळावर बोट आपटत होते. ऑगस्टा लेकीचा चिमुकला हात धरून त्याच्याकडे हलवत होती. त्याने ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं. पण नजर पुन्हा त्या मागच्या डब्याकडे गेली.

“सोडू का, साहेब?” जॉबने पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

आर्कवेलने खुंटीवरचा कंदील काढला आणि कोटाची कॉलर वर केली.

“गाडी धरून ठेव,” तो म्हणाला. “मी आत जाऊन बघून येतो.”