पहिलं उत्तर

हेरंब गेला, पण त्याचं मन कंपनीच्या एका आभासी यंत्रात होतं. रोज सुरू होताना ते नेटवर्कवर हाक द्यायचं, ‘मी कोण?’ पहिलं उत्तर ज्या नावाचं, त्याच्याच आठवणी त्यात उतरायच्या. कंपनीचा सर्व्हर ‘मदतनीस’ म्हणायचा आणि हेरंब दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलत राहायचा.

आज त्याच्या बायकोनं, मृण्मयीनं, यंत्र सुरू होताना कुणाचं उत्तर आधी ऐकायचं त्या क्रमात घरचा माइक सर्व्हरच्या आधी आणला. माइकपाशी हेरंबची म्हातारी आत्या बसली. धुक्यातून यावी तशी यंत्राची हाक आली, ‘मी कोण?’

‘कुर्रर्र... हेरंब,’ आत्या कुजबुजली. बारशाला मारतात तसे मृण्मयीनं तिच्या पाठीत हलके बुक्के मारले.

माइकमध्ये बुक्क्यांचे आवाज घुमले.

‘हळू मार गं,’ यंत्रातून हेरंबचा आवाज आला. ‘तिची पाठ दुखते.’