तपकिरी मतपत्रिका

"कागदाचा शेवटचा रीम आपल्याच मतपत्रिकांसाठी वापर," लुसिंडा आपल्या संपादक नवऱ्याला, ऑर्विलला म्हणाली. "क्रँडल गेला उडत!"

उद्या निवडणूक होती आणि नवा कागद आणणारी आगगाडी बर्फात अडकली होती. त्या काळी अमेरिकेत मतपत्रिका उमेदवारच छापून घेत, आणि कॅन्सासच्या त्या गावात छापखाना एकच होता, ऑर्विलचा. यंदा तो स्वतःच क्रँडलविरुद्ध उभा होता.

"त्याची ऑर्डर आधी आलीय," असं म्हणत ऑर्विलने क्रँडलच्या नावासाठी जुळवलेल्या शिशाच्या खिळ्यांवर शाईचा रूळ फिरवला. दुपारपर्यंत रीम संपला. मग त्याने किराणा दुकानातून पुड्यांचे तपकिरी कागद आणले आणि त्यांवर स्वतःचं नाव छापायला घेतलं.

"हरशील अशानं! पुडीच्या कागदावर कोण मत देणार?" लुसिंडा कडाडली.

"हरलो, तर ती बातमीही पहिल्या पानावर मीच छापीन. घे ती कात्री, पत्रिका कापायला लाग."