गिरणीवाल्याचा रेडिओ

साडेबाराला दहा मिनिटं उरली होती आणि चिमाजीचा रेडिओ अजून तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा तडतडत होता. ओसरीवर अर्धं रहाटणी गाव जमलं होतं. साडेबाराला पुण्याच्या आकाशवाणीवरून सोजराबाईच्या, म्हणजे चिमाजीच्या बायकोच्या, जात्यावरच्या ओव्या लागणार होत्या. महिन्यापूर्वी तिला पुण्याला नेऊन तिचा आवाज भरून घेतला होता. पुण्यात आकाशवाणी सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, आणि रहाटणीतल्या बाईचा आवाज हवेतून यायची ही पहिलीच वेळ. तेवढ्यासाठी चिमाजीनं बॅटरीवरचा नवाकोरा रेडिओ आणला होता. आणि तो पठ्ठ्या तडतडण्यापलीकडे शब्द काढत नव्हता.

चिमाजीची पिठाची गिरणी घराला लागूनच होती, रॉकेलच्या इंजिनावर चालणारी. ती आल्यापासून गावातली जाती कोपऱ्यात गेली आणि चिमाजीच्या घरातलं बोलणं हातवाऱ्यांवर आलं. इंजिनाच्या धडधडीत कोण काय म्हणतंय ते कळायचंच नाही. समोरच्याचे ओठ हलले की चिमाजी मान डोलवायचा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचंही. रात्री इंजिन थांबलं तरी त्याच्या कानात ते धडधडत राही. रेडिओ तर तो रात्री लावतच नसे. ऐकायला चार माणसं नसतील तर बॅटरी जाळायची कशाला, असं त्याचं म्हणणं.

रेडिओला वर्षाची गॅरंटी होती. लक्ष्मी रोडवरच्या सुस्वर रेडिओ हाऊसनं तसं छापील कार्ड दिलं होतं. चिमाजीनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, त्याला हळदकुंकूही वाहिलं. कार्डाचा उपयोग तेवढाच झाला. तीनदा त्यानं रेडिओ गोधडीत गुंडाळून सायकलला बांधला आणि पुणं गाठलं. तिन्ही वेळा दुकानात कळ फिरवताच तो बेटा असा स्वच्छ गायला की चिमाजी तोंडघशी पडला. पहिल्यांदा मालकानं हसून चहा पाजला. दुसऱ्यांदा नुसताच हसला. तिसऱ्यांदा म्हणाला की चांगल्या मालाची दुरुस्ती होत नसते, आणि घरी माणूस पाठवणं गॅरंटीत बसत नाही. दर खेपेला निघताना सोजराबाई दारात उभी असायची. इंजिनाच्या गोंगाटात तिचे ओठ हलायचे. जपून जा म्हणत असणार. चिमाजी सायकलवर टांग टाकता टाकता मान डोलवायचा.

आज सकाळी मात्र त्यानं कमाल केली. चौथ्यांदा गेला तो दुकानाच्या पायरीवरच मांडी ठोकून बसला, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कुंकवानं लाल झालेलं ते कार्ड दाखवू लागला. तीन गिऱ्हाइकं पायरीवरूनच माघारी गेली, तेव्हा मालकानं कपाळाला हात लावला आणि रंगराव मेकॅनिकला त्याच्याबरोबर धाडलं. कॅरियरवर रंगराव, रंगरावाच्या मांडीवर रेडिओ, अशी ती वरात औंधवरून रहाटणीत शिरली तेव्हा बारा वाजून गेले होते.

रंगरावानं रेडिओची पाठ उघडली, आतल्या काचेच्या नळ्या दाबून पाहिल्या, छपरावरची तार ताणली. तडतड तशीच. शेवटी तो चिमाजीच्या कानाशी ओरडला, "यंत्र ठीक आहे. तुमचं गावच खोलगट आहे, इथवर लहरी पोचत नाहीत. याला गॅरंटी नाही."

चिमाजीच्या डोक्यात तिडीक गेली. चार खेपा, गावभर दिलेली आमंत्रणं, आणि आता म्हणे गाव खोलगट. समोर शेजारची दुर्गाबाई पदराआड हसत होती. त्यानं दोन्ही हातांनी रेडिओ उचलला. आता हा विहिरीत जाणार हे सगळ्यांना दिसलं.

सोजराबाई उठली. ती रेडिओकडे गेली नाही, नवऱ्याकडेही नाही. नवं लुगडं सावरत ती सरळ गिरणीत शिरली. बारा वर्षांत ते इंजिन भर दिवसा कुणी थांबवलं नव्हतं. गिरणीवरचा गडी भैरू बघत राहिला आणि तिनं रॉकेलची तोटी पिळून बंद केली. इंजिनानं दोन-चार आचके दिले आणि ते गप्प झालं.

आणि चिमाजीच्या छातीशी धरलेला रेडिओ स्वच्छ बोलला, "आता ऐकू या, रहाटणीच्या सोजराबाई यांच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या."

जात्याची घरघर आली आणि त्यावर तिचा आवाज. भावाची वाट बघणारी बहीण, वेशीवर उडालेली धूळ, धुळीत दिसलेला भगवा फेटा. चिमाजी तान्हं पोर धरावं तसा रेडिओ धरून उभा राहिला. बारा वर्षं एका छपराखाली राहून त्यानं तिचा हा गाता आवाज ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवलंही नाही. इंजिनाची ठिणगी रेडिओत उतरत होती, असं काहीतरी रंगराव पुटपुटला आणि खाली वाकून आपली हत्यारं गोळा करू लागला.

ओव्या संपल्या तसा एकच कल्ला उठला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, दुर्गाबाईनं सगळ्यांच्या आधी धावत येऊन सोजराबाईची दृष्ट काढली. गर्दी जरा हटल्यावर चिमाजी बायकोजवळ गेला.

"तुला कसं कळलं गं?"

"तुमी पहाटं मळ्यात गेला की मी रोज लावते. इंजिन चालू होईस्तवर झ्याक बोलतो."

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"चारी खेपंला दारात हुबं ऱ्हाऊन तेच सांगितलं," सोजराबाई म्हणाली. "तुमी मान डोलावलीत."