तळातली सीडी

नाचणगावच्या योगेंद्रच्या खाटेखाली सीड्यांचा खोका ओसंडत होता. कॉम्प्युटरवरचा गेम कमीत कमी वेळात जिंकल्याचं चित्रण जिल्हाभरातली पोरं सीडीवर उतरवून एसटी ड्रायव्हरच्या हाती धाडत. योगेंद्र ते फुकटात तपासून वेबसाइटवर विक्रम चढवी. स्वतःचा विक्रम मात्र स्वतः चढवायचा नाही, हा नियम. त्याचा विक्रम तपासू शकणारा एकुलता जोडीदार नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून योगेंद्रची सीडी तळाशीच पडून. “टमाटरावर पाखरं लय झाले, सीड्या दे टांगाले, चमक पाहून पयतीन,” बाबा म्हणत. “लोकायची मेहनत हाये त्यात,” तो सुनावायचा. आज समुद्रपूरच्या वैभवची पाळी आली. तो योगेंद्रहून सेकंदभर वेगवान निघाला. लबाडी सापडावी म्हणून योगेंद्रनं सीडी पुन्हापुन्हा पाहिली. सापडली नाही. विक्रम चढवून त्यानं वैभवला फोन लावला. “आता? इतके दिवस झोपून राह्यलते का, भाऊ?” वैभव खेकसला. योगेंद्रनं तळातली आपली सीडी काढली. “घ्या बाबा, टांगा.”