शेजारची खुर्ची

"माझे हात थरथरतात गं," एवेलिओने ठोकून दिलं. "घरी सुई कशी टोचून घेणार मी?"

"कॉफी पिताना बरे थरथरत नाहीत!" नर्स युरानी मानाचं ‘डॉन’ लावत म्हणाली. "डॉक्टरांनी ठरवलंय, डॉन एवेलिओ. आता दर आठवड्याला घरच्या घरी, पोटाच्या कातडीखाली बारीक सुई. दवाखान्यातली ही शेवटची बाटली. मेडेयिन शहराचे हे चढ पुन्हा चढायला नकोत, आनंद माना की!"

आनंद कसला डोंबलाचा! एवेलिओने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

त्याच्या गळ्याला गाठी आल्या, तेव्हा कुणी क्षय म्हणालं, कुणी कॅन्सर. बहिणीने गरम चरबी चोळचोळून गळा लाल केला. शेवटी कळलं, रक्तात रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडंच पुरेशी नव्हती. तेव्हापासून दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याच्या शिरेत चढत.

आणि शेजारच्या खुर्चीत असायची लिगिया. दुखणं तेच. तो पोचायच्या आधीच तिची बाटली लागलेली, हातावर पट्टी चिकटवलेली असे. तिच्या काखेतल्या गाठी बघून चुलतभावंडांनी म्हणे मेल्यानंतरच्या नऊ रात्रींच्या जपाला प्रार्थना म्हणणारी बाईसुद्धा सांगून ठेवली होती!

"मी जगले आणि बिचाऱ्यांची पंगत बुडाली हो," असं म्हणत ती हसायची आणि पेरूची वडी त्याच्या हातावर ठेवायची.

बाटली संपेपर्यंत गप्पा, बस्स. बायको गेल्यापासून एकटा पडलेला एवेलिओ अख्खा महिना तेवढ्यावर काढी. बाटलीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मनातलं मात्र ओठांवर येत नसे. पुढच्या खेपेला बोलू, पुढच्या खेपेला बोलू, असं करता करता वर्षं गेली. आता पुढची खेपच उरली नव्हती.

आज लिगियाला नेमकी डुलकी लागली होती. तिच्याकडे बघता बघता त्याचे डोळे भरून आले. ही आता पुन्हा दिसणार नाही, हे काही केल्या त्याच्या मनाला पटेना.

"पोरी," तो हळूच युरानीला म्हणाला, "माझं जाऊ दे. पण ही एकटीच बसेल गं इथे. बोलायलाही कुणी नाही. तिलासुद्धा घरचीच सुई द्या ना."

युरानीने झोपलेल्या लिगियाकडे एकदा पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकली.

"त्या गेली दोन वर्षं घरीच टोचून घेतायत, डॉन एवेलिओ. त्यांच्या हातावरच्या पट्टीखाली सुई नाहीये."