दहाचा लॉग

"हा बोर्ड मधूनच मान टाकतो, आप्पा. का ते कुणालाच सापडत नाहीये." सुनेनं तळहाताएवढा हिरवा बोर्ड सासऱ्यांच्या टेबलावर ठेवून त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला. "तुम्ही रोज दहा वाजता निदान त्याचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, तरी घेऊन ठेवा."

"निदान लॉग? अगं, मी निदानच करून देतो!"

आप्पा खुलले. चाळीस वर्षं कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. बिघाड म्हटला की त्यांना जेवणाचंही भान राहत नसे.

खरं तर बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. तपासणी आप्पांच्या हातांची होती.

गेल्या महिन्यात नातीला शाळेतून आणताना त्यांनी गाडी फाटकाला घासली होती. "फाटकच जरा पुढे आलं," असं त्यांचं म्हणणं. नात खूप हसली. तिचा बाप हसला नाही. त्यानं किल्ली काढून घेतली. शाळेच्या फेऱ्या आणि रविवारचा पोहण्याचा क्लास, यांतच आप्पांचा जीव होता. किल्ली गेली तसे ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरू लागले. सुनेला ते बघवेना.

हात गाडी चालवण्याजोगे आहेत का, हे तिनं आप्पांच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात माणूस पाच मिनिटं हात सावरून धरतो. रोजच्या कामात बोटं कशी चालतात, ते महिनाभर कळलं तर मी छातीठोकपणे सांगू शकेन."

असे बोर्ड तयार करणं हा सुनेचा धंदाच. प्रत्येक अक्षर कोणत्या क्षणी आलं, याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद बोर्ड गुपचूप ठेवील आणि तिच्या लॅपटॉपवर पाठवील, अशी सोय तिनं एका संध्याकाळीच करून टाकली. बोटं अडखळली की दोन अक्षरांतलं अंतर वाढणार. कॅमेरा नको, प्रश्न नकोत, आप्पांचा अपमान नको.

"हात वाईट निघाले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं. "चांगले निघाले तर किल्ली परत द्यायची."

"मागच्या सीटवर आपली पोर असते, लक्षात आहे ना?"

"म्हणूनच पुरावा आणतेय."

आप्पांना तिनं सहा आज्ञा कागदावर लिहून दिल्या. बोर्डाच्या मूळ प्रणालीचे, म्हणजे कर्नलचे निरोप, तापमान, उरलेली मेमरी असं काहीबाही. "रोज हातानंच टाइप करायच्या हं. आपोआप टाइप करणारी स्क्रिप्ट लावायची नाही."

"यंत्राचं काम यंत्राला द्यावं, सूनबाई. सहा ओळींसाठी बोटं कशाला झिजवायची?"

"टेस्टिंगचा नियम आहे."

"बरं, नियम तर नियम. पण गोळा केलेला लॉग मी वाचणार. न वाचता नुसता साठवायचा, तर पोस्टाची पेटी काय वाईट?"

"वाचा की," ती हसली.

पहिल्या दिवशीची फाइल तिनं ऑफिसात उघडली आणि तिचा चेहरा पडला. अक्षरं दोनदोनदा उमटलेली, मध्ये लांबलचक खंड. दुसऱ्या दिवशी तीच गत. नवऱ्याला काय सांगायचं, या विचारात तिनं डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला.

तिसऱ्या दिवसापासून मात्र चित्र पालटलं. बोटं ठरल्या लयीत चालू लागली. कुठे थोडं थांबणं, कुठे थोडी घाई, पण अडखळणं नाही.

"जमतंय ना, आप्पा?" तिनं रात्री जेवताना सहज विचारलं.

"न जमायला काय झालं? हात बसायला दोन दिवस लागले, एवढंच."

एक चूक तेवढी रोज व्हायची. 'डीमेसग' या आज्ञेतली शेवटची दोन अक्षरं ते उलटी टाकत: 'डीमेगस'. मग क्षणभर थांबून पुसत आणि नीट लिहीत. या धंद्यातल्या निम्म्या लोकांची बोटं तिथंच घसरतात, तिची स्वतःचीही. दहा वाजता लॅपटॉपवर ती चूक उमटली की तिला बरं वाटे. आप्पा हजर, आप्पा ठणठणीत.

घरात बारीकसारीक बदल झाले होते. आप्पा बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालू लागले. "उकडतं फार." चहा अर्धाच कप घेऊ लागले, तोही दोन्ही हातांनी धरून. "साखर कमी करतोय." तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं, विषय संपला. तिच्याकडे आकडे होते.

महिना भरल्यावर तिनं आलेख डॉक्टरबाईंपुढे ठेवले.

"पहिले दोन दिवस सोडले तर पन्नाशीतल्या माणसाचे हात वाटतात," त्या म्हणाल्या. "हे खरोखर त्यांचेच ना?"

"शंभर टक्के!" ती म्हणाली. तिथून घरी येईपर्यंत ती गुणगुणत होती.

रविवारी सकाळी नवऱ्यानं किल्ली आप्पांच्या पुढ्यात ठेवली. आप्पांनी डोळे पुसले, किल्ली मुठीत घट्ट धरली आणि नातीला हाक मारली. ती चष्मा, टोपी, टॉवेल घेऊन तयारच होती.

"आजोबा, आज फाटक पुढे येईल?"

"आलंच तर रागावू त्याला."

"आप्पा, आजपासून लॉग बंद हं," सून म्हणाली. "टेस्टिंग संपलं."

"हो हो," ते दारातूनच म्हणाले. नात त्यांना ओढत होती. त्यांचं लक्ष कुठे होतं!

गाडी फाटकातून अलगद बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

"हरलो बाबा," नवरा म्हणाला. "तुझं खरं."

ती हसत आप्पांच्या खोलीत गेली. त्यांचा कॉम्प्युटर चालूच होता. बोर्ड डब्यात ठेवून द्यावा म्हणून तिनं केबलला हात घातला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले.

आप्पांच्या रिकाम्या खुर्चीसमोर पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं: 'डीमेगस'. क्षणभर थांबून शेवटची दोन अक्षरं पुसली गेली आणि नीट लिहिली गेली.