रिकामा फोल्डर

“काही महत्त्वाचं आहे का यात?” श्यामसुंदररावांनी विचारलं. टॅब्लेट केबलने कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि ते समोरच्या कागदावरच्या पाचव्या पायरीशी अडले होते.

“काही नाही हो,” मंदाकिनीबाई चपला घालता घालता म्हणाल्या. “पण पुसू नका काही.”

“काहीच नाही, तर पुसू नको काय?”

बायकोने पिशवी उचलली आणि तीन मजले उतरून ती बिबवेवाडीच्या चौकाकडे निघाली. स्टेशनरीच्या दुकानातून तिला एक छोटा पांढरा बोर्ड आणायचा होता आणि त्यावर लिहायची पेनं. गुरुवारी श्यामसुंदररावांचं ऑपरेशन होतं. गाठ घशात होती आणि स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर जे काय बोलायचं ते लिहून. “सोसायटी पेढे वाटेल,” एवढंच श्यामसुंदरराव त्यावर म्हणाले होते. डॉक्टर हसले. मंदाकिनीबाई हसल्या नव्हत्या.

मंदाकिनीबाईंचा तो टॅब्लेट नऊ वर्षांचा होता. महिनाभर तो ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून अडून बसला होता आणि मंदाकिनीबाई कासावीस झाल्या होत्या. नवं मेमरी कार्ड घालूनही उपयोग नव्हता, कारण तो पठ्ठ्या कार्डावर काही लिहूच देत नव्हता. उपाय एकच, टॅब्लेट रूट करायचा. म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप काढायचं आणि कारभार आपल्या हाती घ्यायचा. “बाबा, नवीन मागवतो ना मी,” असं आमोदने बंगलोरहून फोनवर सांगितलं होतं. चालती वस्तू टाकणाऱ्यातले श्यामसुंदरराव नव्हते. त्यांनी इंटरनेटवरून कृती शोधली, अकरा पानं छापून घेतली, पायऱ्यांना लाल पेन्सिलीने आकडे घातले. एक पायरी झाली की एक टिक. नोकरीभर त्यांनी नकाशे असेच तपासले होते.

दवाखान्यात दहा दिवस तरी काढायचे होते. तिथे हिच्या मालिका, हिची भजनं हाताशी असावीत. नाहीतर ही नुसती आपल्या तोंडाकडे बघत बसेल, ही खरी काळजी होती.

सहाव्या पायरीवर टॅब्लेट पूर्ण पुसला जाणार होता. म्हणून पाचवी पायरी अशी की आतलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यांनी आत पाहिलं. मालिका नव्हती. भजन नव्हतं. आवाजाच्या तीनशे बारा फाइली होत्या आणि प्रत्येकीला बाईंनी शाळेत शिकवायच्या त्या शिस्तीने नाव दिलं होतं. चहा पाणचट. वरणात मीठ. पंखा. आमोदवर ओरडले. शिंक.

श्यामसुंदररावांनी ‘चहा पाणचट’ लावली.

“अगं ऐकलंस का, हा चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी?”

आवाज त्यांचाच. गाठीने घोगरा होण्याआधीचा, खणखणीत. त्यांनी तारीख पाहिली. तपासणीचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. तेव्हापासून टॅब्लेट ओट्यावर डब्याला टेकून उभा असायचा. त्यावरून आपण रागावलो होतो, हे त्यांना आठवलं. तीही फाइल होती. नाव होतं ‘तेल उडेल’.

एकामागून एक ते ऐकत गेले. एखादा तरी बरा शब्द निघेल म्हणून ऐकत गेले. ‘अगं ऐकलंस का’ने सुरुवात आणि मग खेकसणं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. हिला साठवायला आपण हेच दिलं, आणि हिने शिंकसुद्धा टाकली नाही.

सगळ्यात खाली एक फोल्डर होता. नाव ‘मंदाकिनी’. तिचं खासगी असेल, उघडू नये, असं म्हणत त्यांनी तो उघडला.

आत काहीही नव्हतं. फोल्डर मात्र रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी केलेला होता.

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. सुरुवातीला आईवडिलांसमोर बायकोला नावाने हाक मारायचा संकोच वाटायचा. पुढे आईवडील गेले, संकोचही गेला, ‘अगं’ तेवढं राहिलं. एकदाही त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. तिने कधी मागितलीही नव्हती.

मग ते कामाला लागले. तीनशे बारा फाइली उतरवल्या, तीनदा मोजल्या. तो रिकामा फोल्डरही जपून उतरवला. टिक केली. सहाव्या पायरीला, पुसायला होकार म्हणून, कडेचं आवाज कमीजास्त करायचं बटण दाबलं. टॅब्लेट कोरा झाला, बंद पडला, पुन्हा चालू झाला. दहाव्या पायरीला कार्डावर लिहिता येऊ लागलं. सगळ्या फाइली त्यांनी परत जागेवर ठेवल्या. अकरावी पायरी फक्त चाचणीची होती.

जिन्यात चपला वाजल्या. दुसरा मजला. तिसरा. श्यामसुंदररावांनी दार उघडून ठेवलं, तो फोल्डर निवडला आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. घसा खाकरला.

“मंदाकिनी!”

आवाज मध्येच फाटला. त्यांनी पुन्हा, होता तेवढा जोर लावून हाक मारली. “मंदाकिनी, ये. दमलीस का गं?”

मंदाकिनीबाई उंबऱ्यात थबकल्या. पिशवीतून पांढरा बोर्ड डोकावत होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग घाईघाईने टेबलावरच्या टॅब्लेटकडे.

“अहो,” त्यांनी विचारलं, “चालू होतं ना ते?”